इवायांचे बदली पिचर

कमलनगर, भालकी आणि औराद या तिन्ही तालुक्यांत मिळून बेसबॉल पाहणारा एकच माणूस आहे आणि त्यालाही तो खेळ धड कळत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगू शकतो. कारण तो माणूस माझा व्याही आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. माझी लेक त्यांच्या मुलाला दिलेली. दोघं अमेरिकेत, पार पश्चिमेकडच्या समुद्रकाठच्या एका शहरात राहायची, आणि आम्ही दोन बाप इकडे कमलनगरात. माझं बी-बियाण्यांचं दुकान बस स्टँडसमोर, आणि इवायांची बैठक त्याच्या शेजारच्या हॉटेलात. तिकडे संध्याकाळ झाली की आपल्याकडे सकाळ होते, त्यामुळे तिकडची संध्याकाळची मॅच आमच्या इडलीच्या वेळेला सुरू होते. इवाई मोबाइल साखरेच्या बरणीला टेकवून उभा करतात, चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि मुलाच्या गावची टीम हरताना बघतात. ती टीम नेहमी हरते. हॉटेलवाला गल्ल्यावरून रोज विचारतो, "गेद्दरेन्री?" म्हणजे जिंकले का हो. इवाई मान न वळवता एका शब्दात उत्तर देतात, "सोतरु." हरले. या दोन कानडी शब्दांवर त्या हॉटेलातली सकाळ सुरू होते.

त्यांच्या घराण्यात पूर्वी मेंढरं होती. बापाने मेंढरं विकून जमीन केली आणि इवाई शिकून बस स्टँडवर कंट्रोलर झाले. कोणती गाडी कधी सोडायची, ठरलेला ड्रायव्हर आला नाही तर बदली कोण द्यायचा, हे ठरवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बदली ड्रायव्हर निवडण्याची त्यांची एक पद्धत होती. लायसन, हात, नजर यांपैकी काहीही न बघता ते तो माणूस गाडीकडे चालत कसा जातो ते बघत. उड्या मारत गेला तर नको. मागे वळून कुणाकडे बघत गेला तरी नको. आपल्याच गोठ्यात वैरण टाकायला निघाल्यासारखा गेला, की त्याच्या हातात गाडी. या पद्धतीने निवडलेला एक ड्रायव्हर त्यांनी आमच्या मुलांच्या लग्नाला वऱ्हाडाच्या गाडीवर घातला. तो माणूस इतका शांत होता की वाटेत प्रत्येक म्हशीला त्याने आधी रस्ता दिला. वऱ्हाड पोचलं तेव्हा मुहूर्त टळून गेला होता, भटजी दुसऱ्या लग्नाला जायला निघाले होते आणि माझी बायको मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. मी काही बोलायच्या आत इवाईच म्हणाले, "पोचले का न्हाई समदे? ते सांगा." सगळे पोचले होते.

नातू झाला तेव्हा ते चार महिने तिकडे राहून आले. मुलाने एका सुट्टीला त्यांना मॅच बघायला नेलं. मुलगा लहानपणापासून घुमा. बापाशी बोलायचं तर निरोप आईकडे द्यायचा, आणि आई गेल्यावर निरोप द्यायलाही कुणी उरलं नाही. त्या दिवशीही दोघं गुपचूप बसले होते. मैदानाच्या मधोमध एका मातीच्या उंचवट्यावरून एक माणूस चेंडू फेकत होता. त्याला पिचर म्हणतात हे इवायांना नंतर कळलं. बराच वेळ त्याने बरा चेंडू टाकला, मग दोन-चार फटके बसले, आणि टीमचा मुख्य माणूस बाहेरून सावकाश चालत आत गेला. त्याने हात पुढे केला, पिचरने चेंडू त्याच्या हातात ठेवला आणि मान खाली घालून तो बाहेर चालू लागला. मैदानाच्या कोपऱ्यातल्या दारातून दुसराच एक माणूस धावत आला. इवाई खुर्चीवरून उठले आणि बाहेर जाणाऱ्या त्या पहिल्या माणसाला त्यांनी हात जोडले. मुलाने त्यांचा शर्ट ओढून खाली बसवलं. मग त्यांनी विचारलं, त्याला कामून काढलं? मुलगा सांगू लागला. खेळाचे नऊ डाव असतात, पहिला पिचर सगळे टाकू शकत नाही, हात थकतो, म्हणून शेवटच्या डावांना बदली पिचर ठेवलेले असतात, आणि आपली टीम पुढे असलेली मॅच शेवटच्या दोन डावांत घालवते ती त्या बदल्यांपायीच. घरी येईपर्यंत मुलगा बोलत होता. जेवतानाही बोलत होता. इवाई मला पुढे म्हणाले की पोरगं एवढं बोलतंय हे त्यांना त्या दिवशी ठाऊक झालं.

परत आल्यापासून बदली पिचर हाच त्यांचा विषय झाला. अमेरिकन नावं त्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं ठेवली. एक डाव्या, म्हणजे डाव्या हाताने टाकणारा, तरणाबांड, चेंडू असा सोडायचा की दिसू नये. एक दाढीवाला, त्याचा नेम सगळीकडे लागायचा, फक्त लागायला हवा तिथे नाही. आणि एक म्हातारा. म्हातारा म्हणजे चाळिशीला टेकलेला असेल, पण त्या टीममध्ये तो आजोबाच दिसे. त्याचा चेंडू मी बघितलाय. आमच्या दुकानात पोती उतरवणारे हमाल एकमेकांकडे सुतळीचं बंडल याहून जोरात फेकतात. इवायांच्या मते मात्र शेवटच्या डावाला म्हाताराच उभा करायला पाहिजे होता. कारण विचारलं तर म्हणत, चालत कसा येतोय बघा. खरोखरच, बाकीचे धावत यायचे आणि म्हातारा गोठ्याकडे निघाल्यासारखा यायचा. आला की मार खायचा आणि तसाच चालत परत जायचा. इवायांना त्याचंही कौतुक. रविवारी मुलाचा फोन आला की या तिघांचा हिशेब सुरू होई. मुलगा डाव्याची बाजू घेई, बाप म्हाताऱ्याची, आणि मी दुकान उघडायला उशीर करून ते ऐकत बसे. इवायाच्या नात्यात खरं तर आधी चहा तुम्ही घ्या, न्हाई तुम्ही घ्या, यापलीकडे माणूस जात नाही. आम्ही गेलो ते या बदली पिचरांमुळे.

मग पुढच्या वर्षी माझ्या लेकीचा मला एकटीचा फोन आला. जावयाचं काम गेलं होतं. कंपनीने बऱ्याच जणांना एकदम काढलं त्यात हा. ठरलेल्या मुदतीत दुसरं काम मिळालं नाही तर तिथे राहता येत नाही, पोराला घेऊन परत यावं लागतं. जावई दिवसभर अर्ज करतो, पडदा ओढून बसतो, जेवतो तर जेवतो. "अप्पांना सांगू नका," असं तिने दोनदा बजावलं. अप्पा म्हणजे तिचे सासरे, आमचे इवाई; जावयाने तशी शपथ घातली होती. मी म्हटलं नाही सांगत. लेक रडली नाही, पण फोन ठेवायलाही तयार होईना.

त्यानंतर हॉटेलात बसणं मला जड जाऊ लागलं. इवाई समोर म्हाताऱ्याच्या मनगटाबद्दल बोलायचे आणि मी इडलीकडे बघायचो. रविवारचे फोन तर लांबतच चालले. अर्धा तास, पाऊण तास, पुढे-पुढे इडली गार होऊन चहा दुसऱ्यांदा यायचा. एका रविवारी फोन स्पीकरवर होता. जावई तिकडून घसा बसेपर्यंत सांगत होता की म्हाताऱ्याचा हात संपलेला आहे, अप्पा, चेंडू वळतच नाही आता, आकडे बघा, डाव्याला पर्याय नाही. आणि इवाई एकच धरून बसलेले, "डाव्या भ्यायलाय. तुला दिसंना व्हय? म्हाताऱ्याला घाला म्हण की." माझा संयम सुटला. पोराच्या डोक्यावर केवढं ओझं आहे, आणि यांचं काय चाललंय? फोन संपल्यावर मी जरा कडकच म्हणालो की इवाई, तो कामाचा माणूस, त्याचा एवढा वेळ घेत जाऊ नका.

इवायांनी चष्मा पुसला. मग हळू आवाजात विचारलं, "कुठलं काम, इवाई?"

माझा चेहरा खोटं बोलायला कधी शिकलाच नाही.

"बुधवारची मॅच तिकडं भर दुपारची व्हती," ते म्हणाले. "ऊन डोळ्यावर येऊन त्या टीममधल्या एकाचा झेल सुटला, हे त्यानं मला सांगितलं. एकांदी मॅच आसती तर म्हणलो आसतो, हापिसात चोरून बघितली आसंल. आता दुपारच्या समद्याच मॅची त्याला तोंडपाठ हायत. हापिसात जाणारा माणूस दुपारी घरी बसतो व्हय?"

मी विचारलं, मग तुम्ही त्याला काही विचारत का नाही.

"इचारलं तर फोन बंद पडंल. तो लहानपणापसून तसाच हाय." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "डाव्याच चांगला हाय, इवाई. मला काय कळंना व्हय? पण मी डाव्या म्हणलो की तो म्हणणार, व्हय अप्पा. मग काय बोलावं आमी? म्हातारा म्हणलो की भांडतंय तासभर. तेवढा तासभर तरी त्याच्या डोक्यात दुसरं काय येत नसंल."

त्यानंतर आम्ही ह्या विषयावर बोललो नाही. मात्र पुढच्या हप्त्यात मी त्यांच्या घरी गेलो तर अंगणात चुन्याची बादली होती आणि वरच्या खोलीत गवंडी काम करत होता. इतके दिवस अडगळ टाकून ठेवलेली ती खोली. खिडकीला नवी जाळी, भिंतीला पिवळा रंग, जिन्याला लहान पोराच्या हाताला येईल असा लोखंडी कठडा, आणि नातवाला बसता यावं म्हणून परदेशी पद्धतीचा संडास. इवाईच म्हणाले की पावसाळ्याआधी गळती काढून घ्यायलोय. त्या खोलीवर स्लॅब होता आणि तो कधी गळत नव्हता.

त्याच सुमारास म्हाताऱ्याला शेवटचा डाव मिळाला. मंगळवारची सकाळ होती. डाव्याचा खांदा दुखावला होता, दाढीवाल्याने आदल्याच डावात धुलाई करून घेतली होती, त्यामुळे दुसरा कुणी उरला नव्हता. आमची टीम एका धावेने पुढे. हॉटेलवाला गल्ला सोडून आमच्या मागे येऊन उभा राहिला, आयुष्यात पहिल्यांदा. कोपऱ्यातल्या दारातून म्हातारा चालत आला. इवायांनी चहाचा कप दूर सारला आणि हात मांडीवर ठेवले. त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं की डाव्या चांगला हे ते खरंच मानत असतील, पण मनातून त्यांना म्हाताराच आवडत होता. त्याने दोघांना बाद केलं. आणखी एक बाद झाला की मॅच आपली. तेवढ्यात म्हाताऱ्याचे चेंडू बाहेर गेले म्हणून एकजण न मारताच, फुकटचा पहिल्या टप्प्यावर पोचला, आणि त्याच्या मागून आलेल्याने चेंडू असा उचलला की तो मैदानाबाहेर जाऊन लोकांत पडला. मॅच गेली. हॉटेलवाल्याने यावेळी काही विचारलं नाही.

मोबाइल बरणीवरून उचलायच्या आत वाजला. मुलगा. रविवार नसताना. स्पीकर कुणाच्या बोटाने लागला कोण जाणे, पण मला ऐकू आलं. तो हसत होता. "अप्पा, तुमचा म्हातारा," एवढंच म्हणायचा आणि पुन्हा हसायचा. इवाईही हसू लागले. म्हणाले की पण चालत कसा आला ते बघितलास का. हसता हसता तिकडचा आवाज एकदम खाली गेला.

"अप्पा, माझं काम गेलंय. तुम्हाला सांगितलं न्हाई."

इवायांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "मग यावं वाटलं तर या. वरची खोली रंगवून घेतलीय."

मग जावयाने विचारलं, "कवा रंगवली?"

"झाले की थोडे दिवस."

मी उठून दुकानाचं शटर वर करायला गेलो. बाप-लेक त्यानंतर काय बोलले ते मला ठाऊक नाही. परत आलो तर इवाई डोळ्यांवर पाणी मारत होते आणि हॉटेलवाल्याला सांगत होते की आज भजीत मिरची जादा पडली. भजी त्यांनी घेतलेली नव्हती.

ते काही परत आले नाहीत. मुदत संपत आली असताना जावयाला काम मिळालं, पगार थोडा कमी, आणि तेही आतल्या अंगाला, दूर, समुद्रापासून दोन दिवसांच्या वाटेवर. सामान गाडीत भरून ते गेले. त्या गावात मोठी टीम नाही. हंगाम संपल्यावर म्हाताऱ्याला टीमने मोकळं केलं, ते इवायांनी कुठेतरी वाचलं आणि मला सांगितलं, एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाची बातमी सांगावी तसं. वरच्या खोलीला कुलूप आहे. किल्ली इवाई जवळच ठेवतात आणि दर पंधरवड्याला जाऊन खिडकी उघडून येतात.

मॅच ते अजून बघतात. जिथे आपलं आता कुणीच राहत नाही त्या गावची टीम, आणि तिच्यात नवे तीन बदली पिचर आहेत ज्यांना त्यांनी अजून नावं ठेवलेली नाहीत. परवा रविवारी आम्ही बसलो होतो. फोन आला, नातू बोलायला लागलाय, थंडी अजून गेली नाही, हापिस लांब आहे, बाजारहाट सुट्टीच्या दिवशीच उरकावा लागतो, आता निघायचंय, एवढं बोलून ठेवला गेला. इवायांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

"कामाला लागलंय पोरगं," ते म्हणाले. "बोलायला येळ न्हाई त्याला. बरं झालं."

मी व्हय म्हणालो. उदगीरची गाडी भरत होती. ती निघून गेली, आमचा चहाही संपला, आणि मी काही विचारलेलं नसताना ते पुन्हा म्हणाले, "बरंच झालं की, इवाई."