तिसरं कोटेशन

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वीस वर्षं खरेदी खात्यात आहे. आमच्या खात्याचा धर्म एकच: तीन कोटेशनं हातात आल्याशिवाय साधा व्हॉल्व्हसुद्धा घ्यायचा नाही. तिन्ही शेजारी शेजारी मांडून तक्ता करायचा आणि मग वर सहीला पाठवायचा. हा धर्म मी घरीही पाळतो. एका एप्रिलात आमचा पंखा जळाला, तर तिसऱ्या दुकानदाराचा भाव येईपर्यंत उन्हाळा सरला होता.

बायको समुद्रकाठच्या मुरबे गावची, कोळ्याची मुलगी. माझं मूळ गाव घाटावर, हे ती मला कधी विसरू देत नाही. "तुमी मासा पण तीन जागी हुंगणार," ती म्हणते, "तवर पयला सडतो."

यंदाच्या थंडीत तिच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सरची. बोरिवलीच्या सर्जननी रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, "दुर्बिणीतून काढू. येत्या मंगळवारी भरती व्हा." सरळ माणूस, सरळ बोलणं. तिथंच हो म्हणायचं होतं.

पण ऑफिसात कुणीतरी रोबोट सुचवला. लगेच मी दुसऱ्या सर्जनची वेळ घेतली आणि रात्रंदिवस वाचून आतड्याच्या शस्त्रक्रियांत बऱ्यापैकी अर्धवट पंडित झालो. दुर्बिणीच्या पद्धतीत डॉक्टर लांब सरळ दांड्यांची हत्यारं स्वतः हातात धरतात आणि कॅमेरा मदतनीस सांभाळतो. रोबोटमध्ये डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे हात चालवतात. त्यांची टोकं मनगटासारखी वळतात, कॅमेरा हलत नाही, पण वेळ जास्त लागतो. दोन्हींत छिद्रं लहान, माणूस लवकर घरी. गाठ काढण्यात फारसं डावं-उजवं नाही, असं दोन्ही डॉक्टर म्हणाले. मला ते अजिबात पटलं नाही. डावं-उजवं नसेल तर मी तक्ता कशाचा करायचा?

रोबोटवाल्या डॉक्टरांना मी विचारलं, "मशीन मधेच बंद पडलं तर स्टँडबाय काय?"

"स्टँडबाय मीच," ते म्हणाले. बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

परतताना ती म्हणाली, "मंगळवारी पयल्या डॉक्टरकडंच जाऊ. त्याचा हात बघितला मी. जाळं विणणाऱ्याचा हात हाय, थरथरत नाय."

"अगं, पण दोनच झाले. एक तिसरी पद्धत आहे म्हणे. बेंबीपाशी एकच छिद्र, सगळं त्यातूनच."

"पोट माझं हाय का तुमच्या कंपनीचं?"

मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी बोरिवलीला फोन करून तारीख दहा दिवसांनी पुढं ढकलली. तो फोन मी बाल्कनीत उभा राहून केला, ती ऐकू नये म्हणून. तिनं ऐकला.

मंगळवार गेला. शनिवारी दुपारी मी लॅपटॉपवर तक्त्याचे रकाने रंगवत होतो. दुर्बीण निळी, रोबोट हिरवा, एकछिद्री पिवळी. आतून ओकारीचा आवाज आला. सकाळपासून तिचं पोट फुगत होतं, आणि "गॅस असेल" असं निदान मी केलं होतं. आता ते नगाऱ्यासारखं ताणलं होतं. गाडी काढून तिला पालघरला नेलं.

तिथल्या सर्जननी पोट दाबलं, एक्स-रे पाहिला. "गाठीनं आतडं बंद झालंय. मुंबईला नेण्यात वेळ घालवू नका."

आणि मी, देवाशपथ सांगतो, खिशातून फोन काढून त्यांना तक्ता दाखवायला लागलो. "डॉक्टर, यातलं कोणतं..."

त्यांनी तिन्ही रंग पाहिले. फोन हळूच माझ्या हातात परत दिला. "आतडं एवढं फुगलंय की दुर्बिणीला आत हलायला जागा नाही. पोट उघडावं लागेल. सही करा."

मी सही केली. खाली सवयीनं लिहिलं, 'मान्यतेसाठी सादर'.

"हे काय लिहिलंत?" नर्सनं विचारलं आणि दुसरा फॉर्म आणला. त्यावर मी नुसती सही केली.

गाठ निघाली. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत टाके आले आणि डाव्या बाजूला, आतड्याचं तोंड बाहेर काढून, त्यावर शौचाची पिशवी. पिशवी काही महिन्यांनी काढता येईल, बहुतेक. पुढचं सगळं गाठीच्या रिपोर्टवर. मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. "मंगळवारी केलं असतं तर?"

ते थांबले. "असं कधीही होऊ शकतं. आधीही झालं असतं, कदाचित."

वीस वर्षं पुरवठादारांशी फोनवर बोलून मला खोटा आवाज ओळखता येतो, अशी माझी बढाई होती. हा आवाज मला ओळखता आला नाही.

आता ती घरी आहे. रिपोर्ट यायचाय. पिशवी बदलायला मी शिकलोय, म्हणजे चिकटवतो वाकडी आणि ती गळते. चादर बदलतो, पुन्हा चिकटवतो. ती छताकडे बघत पडून असते. पंख्यावरून आठवडाभर ऐकवणारी ही बाई त्या फोनबद्दल एक अक्षर बोललेली नाही. मी वाट बघतोय. काल तिच्या आवडत्या बोंबलाच्या कालवणात मी मुद्दाम मूठभर मीठ जास्त टाकलं, की निदान तेवढ्यावरून तरी ती मला घाटी म्हणेल.

तिनं दोन घास खाल्ले, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "चांगलं झालंय."