सहदेव थांबतो ती जागा

बाळकुमचे परशुराम भोईर म्हणजे महाहट्टी माणूस. धाकट्या भावाच्या, सहदेवच्या शेजारी उभं राहून जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवलं, पण एक ओळ कधी लिहून ठेवली नाही. सहदेव गेला आणि त्याच्या वर्षश्राद्धाला दोघांची लाडकी धून वाजवायचं ठरलं. सहदेवचा भाग त्याची मुलगी प्राची वाजवणार होती. पण तो भाग आता फक्त परशुरामदादांच्या डोक्यात होता, आणि दादांचंही वय झालेलं. म्हणून ते माझ्याकडे आले.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन, नोटेशनचा, म्हणजे धून कागदावर उतरवायचा नाद असलेला. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर अक्षरांनी टाइप करायचे, मग ते पान छापतं. दादांनी दोन्ही भाग गाऊन सांगितले, मी टाइप केले. पान ठेवायला स्टँड एकच, म्हणून दोन्ही भाग एकाच ओळीत जोडले. दोघं तेच वाजवत असतील तर एकच स्वर छापला जातो. एक थांबला, की वर ‘सोलो’ येतं, म्हणजे इथे दुसऱ्याने एकट्याने वाजवायचं.

धून चढते नेमकी तिथेच ‘सोलो’ आलं. दोघा भावांनी मिळून उचलायची जागा, आणि सहदेव गप्प? मी सॉफ्टवेअरला यथेच्छ शिव्या घातल्या. जोडणी सोडवली, भाग वेगवेगळे छापून पाहिले. सहदेवच्या ओळीत तिथे खरोखरच काही नव्हतं. दादांनी सांगितलं तसंच मी टाइप केलं होतं.

“दादा, इथं सांगायचं राहिलं का काही?”

“नाय. सेवटी सेवटी त्याला तिथं दम पुरायचा नाय. ट्रंपेट तोंडाला लावून नुसता उभा राहायचा. मी जोरात फुकायचो. कुनाला कललं नाय.”

“मग प्राचीसाठी पहिल्यासारखं लिहू?”

“नको. तो वाजवायचा तसाच लिव.”

मला फार वाईट वाटलं. पान तसंच छापलं.

श्राद्धाला मांडवात काका-पुतणी एका पानासमोर उभे राहिले. चढाची जागा आली. प्राची थांबली, आणि दादांचा श्वास मध्येच तुटला. पण त्यांचे स्वर तिच्यासमोर त्याच ओळीत छापलेले होते. तिने ते उचलले आणि जोरात फुंकत शेवटपर्यंत नेले.

दादा ट्रंपेट तोंडाला लावून नुसते उभे होते. मांडवात कुणाला कळलं नाही.