झाकलेली परात

कराडहून निघाले तेव्हा माझ्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि तो मी कुणाला हात लावू देत नव्हते. ठाण्याला गाडी बदलून वापीच्या एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "काय आहे यात?" मी म्हटलं, "पावडर." शेजारच्या बाईंनी माझ्या काळ्यासावळ्या तोंडाकडे पाहिलं आणि सहानुभूतीनं मान हलवली.

पावडर तोंडाला लावायची नव्हती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि फावल्या वेळात पीएच.डी. करत होते. जस्ताच्या क्षाराच्या पाण्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी थेंबथेंब सोडायचं, दह्यासारखा पांढरा साका धरला की तो पाण्यानं पुन्हापुन्हा धुवायचा, वाळवायचा आणि भट्टीत भाजायचा. उरतं ते जस्ताचं ऑक्साइड. कण जितका बारीक, तितका कामसू. ऊन पडलं की हे कण पाण्यातल्या रंगाचे तुकडे पाडतात. आज याला नॅनो म्हणतात. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत तो शब्द आमच्या स्टाफरूमपर्यंत पोचला नव्हता. आम्ही आपलं 'फार बारीक' म्हणायचो.

बाटलीत घातलेला विकतचा रंग माझी पावडर तासाभरात घालवायची. एकदा आमची प्रयोगशाळा सहायक सुनंदा ते बघत म्हणाली, "मॅडम, आमच्या माहेरच्या विहिरीचं पाणी लाल झालंय. आई लांबून पाणी आणते. तुमची पावडर तिकडे चालेल का?" मी उचलली जीभ लावली टाळ्याला आणि म्हटलं, "न चालायला काय झालं?" जानेवारीत रजा टाकली आणि तिच्या माहेरी निघाले.

मनोरला उतरले. नाक्यावर डोंगरातल्या बायका कंदांचे वाटे लावून बसल्या होत्या. चहा घेतला, पालघरची एसटी धरली, तिथून बोईसर. बोईसरच्या टपरीवर पाम गावाचा रस्ता विचारला, तर चहा पीत उभ्या असलेल्या कामगारानं हात करून दाखवला. तळवा गुलाबी, नखं पिवळी.

"नाले के साथ साथ जाइए, मैडम. आज पीला है. कल लाल था."

माझी नजर हातावर खिळलेली पाहून तो हसला. "साबुन से नहीं जाता. गाँव जाता हूँ तो बेटी पूछती है, होली थी क्या?"

नाल्यात रंग सोडणाऱ्या कारखान्यांवर मी राग धरून आले होते. त्या हाताकडे बघून राग कुणावर धरायचा ते कळेना. मी त्याला नमस्कार केला आणि चालू लागले.

सुनंदाचं घर पामच्या अलीकडे, नाल्यापासून दोन शेतं टाकून. मागे वाडी (चिकू, केळी आणि नारळाची बाग), पुढे सारवलेलं खळं (अंगण). सुनंदाची आई, म्हणजे काकी, दारातच भेटली. "ये बाय. आदी जेव." तांदळाची भाकरी, वालाची भाजी, सुक्या बोंबलाचं कालवण. मी दोन भाकऱ्यांवर थांबले तर तिनं तिसरी न विचारता वाढली. पाणी मात्र तिनं मोजकंच ओतलं. ते पाऊण कोसावरून, तिच्या डोक्यावरून आलेलं होतं.

जेवण झाल्यावर सुनंदाचे वडील, भाऊ, मला विहिरीवर घेऊन गेले. चिऱ्यांची बांधीव विहीर, आत कोकमाच्या सरबतासारखं पाणी.

"माज्या आज्यानं खणली," भाऊ म्हणाले. "सुनंदाची आई लगीन होऊन आली तवा पयलं पानी हितलंच प्याली. तिला मरायच्या आदी हितलं पानी प्यायचं हाय. मी काय बोलू?"

डब्यातली पावडर एकदम थोडी वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) दोन पराती मांडल्या, दोन्हींत विहिरीचं पाणी आणि सारखी पावडर घातली. काकीला सांगितलं, येता-जाता काठीनं ढवळत राहा. मग नाल्याचे नमुने घ्यायला भाऊंबरोबर गेले.

चार वाजता परतले तर एका परातीवर सूप पालथं घातलेलं, वर दगड. राग माझ्या नाकावरच असतो.

"काकी, हे कुणी झाकलं? अख्खं ऊन वाया गेलं!"

काकी शांतपणे म्हणाली, "पानी उगडं ठेवायचं नाय बाय. कावला चोच घालतो. डवललं की परत झाकलं. दुसरी पन झाकली असती, पन दुसऱ्या सुपात जवला वालत हाय." (जवळा म्हणजे बारीक कोळंबी.)

मी सूप उचललं. खालचं पाणी सकाळइतकंच लाल होतं. उघड्या परातीत लालीचा मागमूस नव्हता, नुसतं दुधाळ पाणी. तेच पाणी, तीच पावडर, तेवढंच ढवळणं; फरक एकट्या उन्हाचा. रंग पावडर एकटी घालवत नाही, ऊन लागतं, हे सिद्ध करायला एक परात झाकायची असते. हे मी वर्गात शिकवते, आणि इथं साफ विसरले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी तिथं ते कबूल केलं नाही. पण आनंद लपला नाही. मी काकीला मिठी मारली. तिच्या अंगाला धुराचा आणि जवळ्याचा वास होता.

सकाळपर्यंत पावडर तळाशी बसली. वर काचेसारखं पाणी. मी चूळ भरून आले तर काकी परातीजवळ बसलेली, हातात भरलेला तांब्या, तो ओठांपाशी. मी धावत जाऊन तिचा हात धरला.

"काकी, नको."

"का गो? निवललं ना?"

"फक्त रंग गेलाय. बाकी काय उरलंय ते डोळ्यांना दिसत नाही."

तिनं तांब्यातलं पाणी हळूच परातीत सोडलं.

"मंग लाल व्हतं ता बरं व्हतं, बाय. बगून कलत तरी व्हतं."

इतक्या हौशीनं आणलेल्या पावडरीनं मी तिची विहीर शुद्ध केली नव्हती, फक्त तिचं तोंड धुतलं होतं. मला फार वाईट वाटलं. निघताना दोन्ही परातींच्या पाण्याच्या बाटल्या घेतल्या. झाकलेल्या परातीतली एक बाटली काकीनं मागून ठेवून घेतली. कशाला, ते मी विचारलं नाही.

कराडला तपासणी झाली. रंग खरंच तुटला होता. क्षार होते तिथंच होते, आणि तुटलेल्या रंगाचे काही तुकडेही. सुनंदाला मी स्वतः सांगितलं, "आईला म्हणावं, पिऊ नका." तिनं मान हलवली.

उन्हाळ्यात ती माहेरी जाऊन आली. म्हणाली, कारखान्यांना सुट्टी लागली की विहीर निवळते, वाटसरू पाणी प्यायला वाकतात. म्हणून आईनं ती लाल बाटली राहाटाला टांगली आहे. कुणी पाणी मागितलं की ती दाखवते आणि घरातलं, डोक्यावरून आणलेलं पाणी देते.

मी दचकले. "अगं, त्यात माझी पावडर आहे. उन्हात चार दिवसांत पांढरी पडेल ती."

"नाही पडत, मॅडम," सुनंदा म्हणाली. "आईनं तिला फडकं गुंडाळलंय."