दप्तरबाई आणि तीनशे अठरा नंबर

दगडात चुकलेलं अक्षर खोडता येत नाही. आजूबाजूची सगळी पातळी खाली घ्यावी लागते. त्यात दीड दिवस जातो, आणि जागा पुढे कायम खोलगट दिसते. म्हणून प्रत्येक नाव कुणीतरी तपासून द्यावं, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तपासायला जुन्या दप्तरखान्यातल्या एक बाई आल्या. आम्ही त्यांना दप्तरबाई म्हणायचो.

काम असं होतं. साहेबाच्या राज्यात बंदराचा धक्का बांधायला लांबून माणसं, बायकापोरांसकट, आणली होती. प्रत्येकाला तीन वर्षांचा करार आणि एक नंबर. त्यांची नावं आता धक्क्याशेजारच्या भिंतीवर कोरायची होती. ज्याने काम केलं त्याचं नाव. कामावर मेला त्याच्या नावाआधी चांदणी. पळून गेला त्याचं नाव नाही. नातवंडांनी अर्ज करायचा, बाईंनी कागद शोधायचे, मी कोरायचं.

दप्तरखाना तिसऱ्या मजल्यावर. वह्या दहा-दहा किलोच्या. शिपाई होता, पण बाई वह्या स्वतःच उतरवायच्या. शिपाई त्या आपटतो, असं त्यांचं म्हणणं. वही उघडण्याआधी हात धुवायच्या, पुसायच्या आणि मग थोडा वेळ नुसतं बसायच्या. मला वाटलं, दमतात. विचारलं तर म्हणाल्या, "हात पूर्ण वाळू देते. जुनी शाई ओलाव्याने पसरते."

एका कागदावर त्या नाव देत नसत. दोन लागत, तेही वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेले. "दुसऱ्याने पहिल्याचं बघून उतरवलं असेल तर तो एकच कागद," असं त्या सांगायच्या. भिंतीचं काम बघणाऱ्या समितीचे चिटणीस त्यावर वैतागायचे. उद्घाटनाची तारीख ठरली होती आणि बाईंकडून आठवड्याला तीनच नावं यायची. पण अकरा महिन्यांत एकशे एकेचाळीस नावं मी कोरली आणि एकही खरवडावं लागलं नाही. चाळीस वर्षांच्या कामात इतकं बिनचूक मला कुणी दिलं नव्हतं.

शेवटी एका नावावर गाडी अडली. अर्ज इस्त्रीवाल्या आजीचा होता. वय ब्याऐंशी, दुकान अजून स्वतः चालवायची. तिचे आजोबा पाथरवट, नंबर तीनशे अठरा. घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते की धक्क्यावर दगडाखाली सापडून गेले. पण हजेरीच्या वहीत त्या नंबरापुढे शेवटचा शब्द होता, फरार. आजीच्या वडिलांना गल्लीत याच शब्दावरून टोमणे खावे लागले होते. आजीला भिंतीवर ते नाव हवं होतं, चांदणीसकट, डोळे मिटायच्या आत.

आजीचा भाचा शिंपी होता. त्याने बंदराच्या दवाखान्याची जुनी वही धुंडाळली. हजेरीत फरार लिहिलं त्याच आठवड्यात एक अनोळखी पाथरवट दगडाखाली मेल्याची नोंद निघाली. ओळखीसाठी प्रेताच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतलेला. ठशावर आडवी चीर. आजोबांच्या करारावरही डावा अंगठा होता आणि त्यावरही आडवी चीर. अंगठ्याच्या रेषा दोन्हीकडे झिजलेल्या, पण चीर स्पष्ट.

भाचा ठशांचे फोटो घेऊन कामावर आला. चिटणीस म्हणाले, "झालं! आता आणखी काय पाहिजे? मिस्त्री, घ्या टाकी-हातोडी हातात."

बाईंनी दोन्ही ठसे भिंगातून पाहिले. मग मला विचारलं, "मिस्त्री, तुमचा डावा अंगठा बघू?"

मी दाखवला. नवशिक्या असताना हातोडी सटकून बसलेली, आडवी खूण होती. दुसऱ्या दिवशी स्टॅम्प पॅड आणि कोरे कागद घेऊन बाई दगडाच्या आवारात हजर. आम्ही अकराजण होतो. एकेकाला हात धुवायला लावून ठसा घेतला.

"बाई, जमीन लिहून घेताय का आमची?" एकाने विचारलं.

"तुझी जमीन मला परवडायची नाही. अंगठा सरळ धर."

अकरांपैकी सातजणांच्या अंगठ्यावर आडवी चीर निघाली. टाकी डाव्या हातात, हातोडी उजव्या हातात. मार बसतो तो तिथेच. बाईंनी अकरा कागद चिटणिसांपुढे मांडले. "ही खूण माणसाची नाही, धंद्याची आहे. यावर मी नाव देणार नाही."

भाच्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आमचे पणजोबा पळपुटेच?"

"तसंही मी म्हटलेलं नाही. उद्घाटनाला वीस दिवस आहेत. मला शोधू द्या."

त्या वीस दिवसांत मी दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा बाई उभ्या होत्या, कारण ती वही टेबलावर मावत नव्हती. अवजारांची वही होती ती. कुणाला कोणती हत्यारं दिली, कुणी केव्हा परत केली, रोजच्या नोंदी. तीन वर्षांच्या नोंदी त्यांनी ओळीने वाचल्या. शोधायचा नंबर ठाऊक असताना ओळीने कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, "लिहिणाऱ्याची सवय कळायला हवी. तो कुठे आळस करतो ते कळल्याशिवाय त्याच्यावर विश्वास कसा ठेवू?"

सतराव्या दिवशी त्यांनी मला बोलावून एक ओळ दाखवली. तीनशे अठरा, हातोडी एक, टाक्या आठ, धार लावलेल्या, स्वतः परत केल्या. तारीख दवाखान्यात नोंदलेल्या मरणानंतर दोन दिवसांची.

"दुसऱ्या कुणी आणून दिल्या असतील," मी म्हटलं.

"तसं असतं तेव्हा हा कारकून 'मुकादमामार्फत' लिहितो. वरच्याच पानावर चार वेळा आहे. आणि हे बघा." फाटकाच्या पहारेकऱ्याची वही होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे अठरा बाहेर पडला, सोबत एक बोचकं, आतल्या गावांकडच्या रस्त्याने. बाईंनी करारावरून दिवसही मोजले होते. तीन वर्षं पुरी होऊन वर एकवीस दिवस झाले होते.

म्हणजे माणूस मेला नव्हता. पळालाही नव्हता. कराराहून एकवीस दिवस जास्त राबून, हत्यारं परत करून, फाटकातून नोंद करून गेला. करार संपलेल्यांना ठरल्या तारखेला एकदम सोडत; मागाहून एकट्याने निघणाऱ्यासाठी हजेरीच्या वहीत मेला, आजारी आणि फरार एवढेच रकाने होते. तिथल्या कारकुनाने जवळचा रकाना पकडला.

हे सांगायला बाई दुकानात गेल्या, मलाही घेऊन. चिटणीस आणि भाचा आधीच येऊन बसले होते. आजीने इस्त्री उभी केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जिवंत होता?"

"निघाला तेव्हा होता."

"जिवंत होता मेला!" आजी म्हणाली. "आणि घरी नाही आला. माझी आजी आम्हाला सांगायची, दगडाखाली गेला. तिला ठाऊक होतं की नव्हतं?"

"त्याला माझ्याकडे कागद नाही," बाई म्हणाल्या.

चिटणीस पुढे सरकले. "आजी, चांदणी राहू द्या. इतक्या वर्षांनी कोण विचारतंय?"

"ही विचारते ना!" आजीने बाईंकडे बोट केलं. मग मला म्हणाली, "टाक्यांना धार लावायला किती वेळ लागतो रे?"

"आठ टाक्या, म्हणजे अर्धा दिवस."

"कुणी सांगितलं होतं त्याला?"

"कुणी नाही. परत करताना बोथट दिल्या तरी घेतात."

भाचा काहीतरी बोलायला गेला, तर आजीने त्याला हाताने थांबवलं. "नाव कोरा. चांदणी नको. काम केलंय तेवढं येऊ दे. घरी का आला नाही, ते त्याचं त्याला."

त्या सहा अक्षरांना मला एक दिवस लागला. बाई संध्याकाळी आल्या आणि प्रत्येक अक्षर कागदाशी ताडून पाहिलं, इतर नावांच्या वेळी पाहायच्या तसंच.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. फाटकातून निघणाऱ्या त्या रस्त्यावर जुन्या दगडखाणी आहेत. तिथल्या वह्या तालुक्याच्या कचेऱ्यांतून पडून असतात. बाई डबा घेऊन सकाळच्या एसटीने जातात आणि तीनशे अठराचा माग काढतात. कुणी सांगितलेलं नाही. आजीनेही नाही. आत्तापर्यंत चार खाणींची दप्तरं वाचून झाली. त्यांत तो नाही, असं त्यांनी आजीला प्रत्येक वेळी दुकानात जाऊन सांगितलं.