थडग्याभोवतीचं वर्तुळ

चिनमेईच्या पपनसाच्या बागेत तण गुडघ्याएवढं वाढलं आणि गावाला बोलायला विषय मिळाला. डोंगरउतारावरच्या बाकीच्या बागा लख्ख, हिचीच तेवढी निळ्या फुलांच्या रानगवतानं भरलेली.

"कुदळ जड झाली वाटतं हिला," शेजारीण म्हणायची.

"जड नाही झाली, वहिनी. त्या गवतात माझे नोकर राहतात."

नोकर म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे मित्रकोळी. पपनसाची पानं शोषणाऱ्या लाल कोळ्यांना ते खाऊन टाकतात. शरदात तिनं त्यांच्या कागदी पुड्या झाडाझाडाला टांगल्या होत्या. खाली गवताचा गारवा असला की ते टिकतात, मग औषध फवारावं लागत नाही. खरं तर तिचा जीव अडकला होता नवऱ्यात. वीस वर्षं औषध फवारून श्वेईशेंगची छाती कामातून गेली होती. फवारलेल्या बागेत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं, आणि त्याच्या वडिलांचं थडगं नेमकं बागेच्या मधोमध.

पहिल्या वर्षी सगळं मुसळ केरात गेलं. छिंगमिंगला, थडगी साफ करायच्या दिवशी, नातेवाईक विळे घेऊन आले; श्वेईशेंग तेवढा खोकल्यानं अंथरुणाला खिळलेला. थडग्यावर गवत म्हणजे घराला वारस नाही, असं गाव मानायचं. सासूबाई सगळ्यांच्या पुढे. थडगं साफ झालं तरी हात थांबेनात, दुपारपर्यंत अख्खी बाग बोडकी. चिनमेई बाजारातून परतली तेव्हा म्हातारी घाम पुसत, शाबासकीची वाट बघत उभी होती. महिन्याभरात माती तापली, मित्रकोळी मेले, लाल कोळी फैलावले, फवारणीचा पंप पुन्हा बाहेर काढावा लागला. श्वेईशेंग खिडक्या लावून घरात बसला.

"आई, गवत राहिलं असतं तर बरं वाटल्यावर हे मामंजींच्या थडग्यापाशी जाऊ शकले असते," चिनमेई एवढंच म्हणाली. म्हातारी दिवसभर जेवली नाही.

शरदात पुन्हा पुड्या टांगल्या. यंदा छिंगमिंगपर्यंत पंपाला कुणी हात लावला नाही. नातेवाईक आले तेव्हा सासूबाईंनी थडग्याभोवती चुन्याचं वर्तुळ आखून ठेवलं होतं.

"आतलं काढा. बाहेरच्या काडीला हात लावाल तर याद राखा."

"लोक काय म्हणतील, काकू?" पुतण्या म्हणाला.

"म्हातारी आळशी झाली म्हणतील. म्हणू देत."

श्वेईशेंग थांबत थांबत चढण चढून आला. तीन वर्षांनी बापापुढे गुडघे टेकताना त्याला रडू आवरेना. थडग्याच्या उशाशी मूठभर गवत तसंच उभं होतं. आईनं विळा त्याच्या हातात दिला.

"एवढं तुझ्यासाठी ठेवलंय."

मूठभरच गवत, पण ते कापायला श्वेईशेंगनं बराच वेळ लावला.