हिरवी पट्टी

मी वेबसाइट बनवते. वर्ध्याला, घरातल्याच एका खोलीत बसून, मोबाइलवर नीट दिसतील अशा आणि मराठीतून. लोकांना वाटतं, इंग्रजी मजकूर काढला, मराठी टाकला, झालं काम. तसं नसतं. आपल्या अक्षरांना वर वेलांट्या असतात, खाली उकार असतात. इंग्रजीसाठी आखलेल्या ओळीत ती कोंबली की डोकं तरी उडतं, नाहीतर पाय तरी. त्यावरून मी गिऱ्हाइकांशी कचाकचा भांडते. माझ्या तोंडी लागायला माणसं बिचकतात आणि ते मला सोयीचंच पडतं. एकदा मात्र माझं काही चाललं नाही.

नाचणगावचे माझे मामाजी दरवर्षी डांगरवाडी लावायचे. पावसाळा ओसरून वर्धा नदीचं पात्र उघडं पडलं की त्या रेतीत खड्डे करायचे, शेणखत घालायचं आणि टरबूज-खरबुजाचे वेल लावायचे. गावात त्यांचं शेत होतं, पण जीव सगळा वाडीत. नदीतच मांडव घालून मामाजी आणि मामी उन्हाळाभर तिथं राहायचे. भीती एकच होती. खालच्या गावांना प्यायला पाणी लागलं की वरच्या धरणातून सोडतात. वर आभाळ कोरडं ठणठणीत आणि पात्रात मात्र पाणी वाढत येतं. पूर्वी सोडायची सूचना आली की गावातल्या मंदिराच्या भोंग्यावरून ओरडून सांगत. तो खरखरीत आवाज पार वाडीपर्यंत यायचा आणि लोक शिव्या घालत बाहेर निघायचे.

नदीकाठच्या गावांतल्या काही मंडळींनी मिळून ठरवलं की, आता ही सूचना मोबाइलवर द्यायची. त्यांचे म्होरके होते एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सरच म्हणायचे. धरणावरची सूचना सरांच्या फोनवर येणार, सर एक बटण दाबणार आणि पानाचा रंग बदलणार, एवढंच काम होतं. पाणी सुटणार असेल तर लाल पट्टी, ‘पाणी येत आहे, बाहेर निघा’. नसेल तर हिरवी, ‘पात्र मोकळं आहे’.

मी मनापासून केलं. डोक्यावर ऊन असताना दिसेल असा गडद रंग, जुन्या फोनवरही फुटणार नाही असं अक्षर, चष्मा नसला तरी वाचता येईल एवढं मोठं. पट्टीच्या आत मी तारीख आणि वेळ टाकली होती. सरांनी ती बाहेर काढायला लावली.

“तारीख कोन पाहते, ताई? अक्षर मोठं करा. आमचे लोक रंग पाह्यतात.”

मी म्हटलं, तारीख नसली तर ही पट्टी आजची की कालची, कसं कळणार? सर हसले. “पान उघडलं म्हंजे आजचंच राह्यते ना!” बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चिडले, बरंच बोलले, तरी तारीख खाली गेली. लहान फोनवर तर पार पडद्याखाली गेली. बोटानं वर सरकवल्याशिवाय दिसायची नाही. आणि सरकवतो कोण?

पान सुरू झालं तसा भोंगा बंद झाला. तो मुद्दाम कोणी बंद केला नाही, फक्त कोणी लावेना. मी एकदा सरांना फोन करून विचारलंही. ते म्हणाले, “आता पान आहे ना, ताई. लोक पाहून राह्यले.”

माझ्याकडे पान किती जणांनी उघडलं ते दिसायचं. गावागणिक एखाद-दुसराच उघडत होता. मला ते खटकत होतं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

एका रविवारी मी वाडीवर गेले. पात्रात उतरताना पायाखाली रेती भाजत होती. त्या वर्षी नदीतून रेती भरमसाट उपसली होती आणि जागोजागी माणूस बुडेल एवढे खड्डे पडले होते. मामी म्हणाली, “पाहून चाल बाई, इथं बकरी पडली होती.” मामाजींनी टरबूज फोडलं, मला पहिली फोड दिली आणि खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला.

“हे पाय, तुही पट्टी. रोज सकाळी पाह्यतो मी. पाह्यल्याबिगर चहा नाई घेत.”

पट्टी हिरवीगार होती, अक्षर सुरेख दिसत होतं. मी कौतुकानं फोन हातात घेतला, तारीख पाहायला बोटानं वर सरकवलं, तर काही सरकेना. ते पान नव्हतंच. तो पानाचा फोटो होता. गावातल्या कोणीतरी कधीतरी पान उघडून फोटो काढला होता आणि ग्रुपवर टाकला होता. तिथून तो सगळ्यांच्या फोनमध्ये जाऊन बसला होता. आमच्याकडे दुवा कोणी पाठवत नाही. लग्नपत्रिका असो, बाजारभाव असो की कोणी गेल्याची बातमी, त्याचा फोटोच फिरतो. मामाजी रोज सकाळी तोच शिळा फोटो उघडून चहा घेत होते.

“मामाजी, हा फोटो आहे. हा बदलत नाही. नदीला पूर आला तरी हा हिरवाच राहील.”

“मंग पान कोनतं?”

मी फोटो पुसून टाकला, पान उघडायला गेले, तर उघडेना. काठ दोन्ही बाजूंनी उंच, पात्रात रेंजच नाही. पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. मामाजींनी त्या फोन डोळ्यांजवळ धरून पाहिल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना काठ चढून वर नेलं, बाभळीखाली उभं करून पान उघडून दाखवलं, वर सरकवून तारीख दाखवली. रोज इथं येऊन पाहायचं, असं बजावलं.

“एवढं चढू काय रोज, या गुडघ्यानं?” मामाजी म्हणाले. “जे उघडते तेच उघडीन ना मी.”

मामी हसली, मीही हसले. पण घरी पोचताच सरांशी कडाक्याचं भांडण केलं आणि तारीख पट्टीच्या आत, पट्टीएवढीच मोठी करून टाकली. भोंगा परत सुरू करा, असंही सांगितलं. सर म्हणाले, “पाहतो.” नवं पान सुरू झालं. पण जुना फोटो जास्त सुटसुटीत होता. त्यात तारीख नव्हती, त्यामुळे तो कोणत्याही दिवशी चालायचा. तो फिरतच राहिला.

मग ती सकाळ आली. मी ओट्याशी पोळ्या करत होते. फोन वाजला म्हणून पाहिलं तर मामाजींचा निरोप होता, आदल्या संध्याकाळी गावात गेले असताना पाठवलेला; रात्रभर माझं नेट बंद होतं म्हणून आत्ता पोचलेला. मी पुसलेला तोच हिरवा फोटो होता, ग्रुपवरून त्यांच्याकडे परत आलेला, आणि खाली बोलून पाठवलं होतं, “पोरी, वाडी जोरात आहे. येजो टरबूज खायले.”

तवा तसाच ठेवून मी पान उघडलं. पट्टी लाल होती. तारीख आजची होती.

मामाजींना फोन लावला. आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे, असं ती बाई शांतपणे सांगत राहिली. मी पुन्हा पुन्हा लावला. मग सरांना लावला. सर म्हणाले, “मी तर बटन दाबलं, ताई.” ते खरंच होतं. मी ओरडले, “भोंगा लावा आधी!” मग मामाजींच्या गावातल्या शेजाऱ्याला फोन केला. तो तसाच सायकल काढून नदीकडे सुटला. स्वयंपाकघरात पोळी करपल्याचा धूर भरला होता आणि मी खिडकीशी उभी राहून मामाजींचा नंबर लावतच होते.

पुढचं मला मामीनं सांगितलं, तेही कितीतरी दिवसांनी. शेजारी काठावरून हात हलवून ओरडला, “पानी येऊन राह्यलं, निंगा!” आजूबाजूच्या वाड्यांतले लोक उठले. मामाजींनी त्यांना थांबवलं. खिशातून पिशवी काढली, पिशवीतून फोन काढला आणि एकेकाला दाखवला.

“म्हने, हिरवी आहे, पाहा ना. काऊन घाबरता? माह्या भाचीनं बनवलं हे, ते खोटं नाई सांगत.” मामी माझ्याकडे न बघता बोलत होती. “मी म्हटलं, निंगा हो. मले म्हने, तू हो पुढं, मी इंजन घेऊन येतो.”

बाकीचे थोडे रेंगाळले आणि मग निघाले. मामी त्यांच्याबरोबर काठावर आली. पाणी गाजावाजा करत आलं नाही. रेतीतून पाझरल्यासारखं वर आलं, आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं. मामाजी वेलांना पाणी द्यायचं इंजिन सोडवून खांद्यावर घेऊन निघाले होते. सगळे काठावरून पाहत होते. वरून सपाट पाणी दिसत होतं, खालचे रेतीचे खड्डे दिसत नव्हते. मामी म्हणाली, ते चालत होते आणि मग नव्हते. तेवढ्यात गावात भोंगा वाजायला लागला.

मामाजी दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडले. फोन पिशवीत होता, कोरडा. मामीनं तो मला दिला. मी तो चार्ज करून उघडला तेव्हा पडद्यावर माझी हिरवी पट्टी तशीच होती, एकही वेलांटी कापलेली नाही, एकही उकार तुटलेला नाही. एवढं चांगलं काम मी कधी केलं नव्हतं. तो फोन भिंतीवर आपटावा असं वाटलं, पण आपटला नाही, कारण त्यात मामाजींचा आवाज आहे.

आता भोंगा वाजतो. यंदाही नदीत वाड्या लागल्या आहेत. आज दुपारी मला एका अनोळखी नंबरवरून एक फोटो आला, बहुतेक ग्रुपाग्रुपांतून फिरत आलेला. तीच पट्टी. खाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘खात्रीची माहिती, सर्वांना पाठवा.’ मी लगेच उत्तर लिहिलं, ‘हा फोटो जुना आहे. यानं माणूस गेला आहे. पुढे पाठवू नका.’ समोरून अंगठ्याचं चित्र आलं. थोड्या वेळानं तोच फोटो मला आणखी एका नंबरवरून आला.