तात्यांची शेवटची आढी

तात्या गेले आणि आढी कच्चीच राहिली.

तात्या म्हणजे माझे मोठे काका. विजयदुर्गच्या रस्त्यावर आमची वाडी आहे, तिथे त्यांची हापूसची कलमं.

जाण्याच्या आदल्या दिवशीच त्यांनी मागच्या खोलीत आंबे पिकायला आढी घातली होती. खाली पेंढा, त्यावर आंबे, वर परत पेंढा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता गेले.

पहिले चार दिवस त्या खोलीकडे कोणी फिरकलंच नाही.

पाचव्या दिवशी काकीच म्हणाली, "सुतक आमका गो, आंब्यांका न्हय. बाराव्याक अख्खी वाडी जेवूक येतली. तेंचो आंबो सगळ्यांच्या पानात पडाक व्हयो. आढी तू बघ."

मी? मी कधी एकटीने आढी उघडली नव्हती.

आमच्याकडे आढीत एकाच माणसाचा हात फिरतो. आंबा लवकर काढला तर आंबट राहतो, उशीर झाला तर खालचा थर सडतो. रंगावर जायचं नाही, आणि दाबून तर अजिबात बघायचं नाही. देठाशी नाक न्यायचं. तात्यांच्या नाकावर सगळ्या वाडीचा भरवसा होता.

मी पहिल्यांदा अंगठ्याने आंबा दाबला तेव्हा केवढे ओरडले होते!

"दाबतस काय गो! आंबो आसा तो, टीव्हीचो रिमोट न्हय!"

गेली तीन वर्षं मात्र मे महिन्यात मी शनिवारी सावंतवाडीहून घरी आले, की बॅग ठेवायच्या आत मला त्या खोलीत न्यायचे. आंबा माझ्या नाकाशी धरायचे.

"कसो वास येता?"

"पिकल्यासारखो."

"तसां नको. नीट सांग."

मग मी काहीतरी सांगायचे. ते डोळे मिटून ऐकायचे. "हां, मगे काढूया," नाहीतर "मगे दोन दिस रवांदेत."

मला वाटायचं, मला शिकवतायत. खरं सांगते, कंटाळा यायचा.

गेल्या वर्षी अशाच एका शनिवारी मी फोनवर होते. ऑफिसची कसलीशी मीटिंग. तात्या आंबा घेऊन समोर उभे.

मी वैतागले. "तात्यानु, तुम्हीच घेवा ना वास! दर टायमाक मी कित्याक?"

"बरां," म्हणाले, आणि गेले.

त्या दिवशी त्यांनी एकट्याने आढी उघडली आणि वाडीत घरोघर आंबे वाटले. सगळे आंबट ढाण.

वाडीने त्यांची यथेच्छ फिरकी घेतली. तात्या नुसते हसले. "म्हातारो झालंय. चुकलंय."

आणि मी काय केलं? इथेच, याच प्रोफाइलवर, त्या आंब्यांचा फोटो टाकून लिहिलं, 'तात्यांचं नाक रिटायर झालं!' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हसण्याचे इमोजी टाकले होते. आठवत असेल.

तर पाचव्या दिवशी मी काकीला म्हटलं, "माका नाय जमाचां. तात्यांचां नाक होतां तां. माझां खंय तसां?"

 काकी पदराला हात पुसत म्हणाली,

"तेंचां नाक खंय होतां गो? त्या मोठ्या तापातसून उठले, तेवापासून तेंका कसलोच वास येय नाय. माशाचो नाय, उदबत्तीचो नाय. कोणाक सांगा नको म्हणान माका शपथ घातल्यानी. तीन वर्सां आढी तूच बघी होतंस."

मी म्हटलं,

"माझ्याकडे तरी बोलाचां!"

"तू कीव करशीत म्हणान. तेंका ती नको होती."

खूप रडले मी त्या दिवशी. तात्या गेले त्या दिवशी रडले नव्हते तेवढी.

मग रोज सकाळी आंघोळ करून त्या खोलीत. सातव्या दिवशी नुसता पेंढ्याचा वास आणि थोडा चिकाचा. नवव्या दिवशी वाटलं, झालं. वरचे आंबे पिवळेही दिसत होते. हात पुढे केला होता, पण देठाशी अजून कच्चं होतं. परत पेंढा ओढला.

काल सकाळी दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबले.

मागून काकीचा आवाज आला. "कसो वास येता?"

"झालो, काकी."

आज बारावं. अख्खी वाडी जेवली. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त हसलेले शेजारचे अण्णा कोय चोखत म्हणाले, "काय पण म्हणा, तात्यांची आढी ती तात्यांची आढी." काकी माझ्याकडे बघून हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी तिला विचारलं, "लिहू गो ह्यां सगळां?"

"लिही. आता कोणाक काय लपवचां?"

म्हणून लिहिलं. गेल्या वर्षीची ती पोस्ट मी काढत नाहीये. तिच्यावर हसलेल्यांनी हीसुद्धा वाचावी.

तात्यानु, तुम्ही दर वेळी म्हणायचात, नीट सांग. मी कधीच नीट सांगितलं नाही. आज सांगते. डोळे मिटा.

आधी पेंढ्याचा वास येता, उन्हात तापलेल्या. मग देठाकडे थोडो चीक, नाकाक जरासो टोचणारो. मग मध. आणि अगदी शेवटाक, काकी सुरंगीचो गजरो माळून बाजूने गेल्यावर येता ना, तसो.

तुमच्या पानातला आंबा मी निवडलाय. दाबून बघितला नाही.

माफ करा माका.

सुखान जावा, तात्यानु.